आमचा म्हातारा संगणक

आमच्या माडीवर एक संगणक आहे. पेंटियम थ्री, ६४ एमबी मेमरी, विंडोज ९८ आणि जुन्या टीव्हीसारखा पाठीमागे पोट सुटलेला मॉनिटर. बटण दाबून मी खाली जाते, डाळ-तांदूळ धुऊन कुकर लावते आणि परत येते, तेव्हा कुठे स्वारी जागी झालेली असते! मुलगा म्हणतो, "आई, भंगारवाल्याला देऊन टाक ना!"

मैत्रिणींनो, २००५ साली आमच्या बचत गटाने तो सेकंडहँड घेतला. मी बी.ए. मराठी. माऊस हातात धरला तरी छातीत धडधडायचं. पण एमएस-सीआयटी केलेली मी एकटीच, म्हणून हिशेब माझ्या गळ्यात पडले. ते भारनियमनाचे दिवस. लाइट गेली की टाइप केलेलं सगळं पाण्यात! परत सुरू करावं तर स्कॅनडिस्कची पिवळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत राहायची. दर चार ओळींनी सेव्ह करायची सवय मला त्यानेच लावली. सेव्ह केलेला हिशेब मात्र त्याने एकदाही गिळला नाही.

२०१४ मध्ये लॅपटॉप आला. तेव्हा मी फक्त चालू सभासदांचीच नावं त्यात उतरवली. चूक माझीच. पुढे ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या सांगली भागात पाणी घरात शिरलं आणि खालच्या कपाटातल्या वह्यांचा लगदा झाला.

गेल्या वर्षी एक मावशी दारात उभ्या. २०११ च्या अखेरीस त्या मुलीकडे राहायला गेल्या होत्या, बचत गटातच राहिली होती. आता मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पैसे हवे होते. नव्या मुली म्हणाल्या, "काकू, पुरावा काय?" मावशींचा चेहरा एवढासा झाला. मला तर मान वर करवेना.

मी माडीवर धावले. आतला बटणासारखा सेल संपलेला, त्यामुळे त्याच्या लेखी १९९९ साल चालू होतं! एफ-वन दाबलं, कुरकुर ऐकत बसले. अखेर एक्सेल उघडलं. मावशींचं नाव, महिना ५० रुपये, ७२ हप्ते, ३६०० रुपये. व्याज वेगळं.

फाइल न्यायची कशी? लॅपटॉपला फ्लॉपीची खाच नाही, आणि जुन्याला पेनड्राइव्ह ओळखता येत नाही. मग डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला नवी रिबन घातली. त्याच्या बारीक सुया रिबनवर आपटतात, म्हणून केवढा तो आवाज! पण कागद निघाला. बैठकीत सह्या झाल्या, मावशींना पैसे मिळाले. जाताना म्हणाल्या, "दसऱ्याला ह्याला हार घाला गं!"

त्याला मी इंटरनेट जोडत नाही. विंडोज ९८ ची सुरक्षा दुरुस्ती २००६ मध्येच बंद झाली. हिशेबाचं तेवढं काम त्याचं. आता सगळ्या जुन्या पानांच्या प्रती काढून दोन घरी ठेवल्यात.

तुमच्याही माळ्यावर असा एखादा असेल. काढण्याआधी एकदा सुरू करून बघा, आत कुणाचा तरी हिशेब किंवा फोटो असेल, त्याची प्रत घ्या. आणि द्यायचाच झाला तर ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या, कारण त्या जुन्या मॉनिटरच्या काचेत शिसं असतं.

आमचा मात्र इतक्यात जायचा नाही. यंदा दसऱ्याला मुलानेच त्याला झेंडूचा हार घातला!