ताम्रमल, रायफलच्या नळीतील

रायफल झाडताना गोळीच्या ताम्रयुक्त वेष्टनाचे कण नळीच्या अंतर्भागावर चिकटून साचणारा थर. दारूच्या ज्वलनानंतर उरणाऱ्या काजळीहून हा थर निराळा असून साध्या तेलाने तो निघत नाही. पातळ थर फारसा अपायकारक नसतो; नव्या नळीतील ओरखडे त्याने काहीसे बुजतातही. तो जाड व असमान झाला म्हणजे मात्र जाणाऱ्या गोळीचा पृष्ठभाग खरवडला जातो व नेम विस्कटतो.

सेकंदाला सु. ९०० मी. वेगाने जाणारी शिशाची उघडी गोळी नळीतील सर्पिल खाचांवर सोलवटून निघेल. म्हणून तिला तांबे व जस्त यांच्या मिश्रधातूचे वेष्टन देतात. अशा गोळ्यांची काडतुसे महाराष्ट्रात खडकी (स्थापना १८६९) व वरणगाव (१९६४) येथील कारखान्यांत तयार होतात. याउलट स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मी. रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले, त्यातील मंदगती गोळी मेण वा चरबी लावलेल्या उघड्या शिशाची असते. तेथे प्रश्न शिशाच्या मळाचा असतो, तांब्याच्या नव्हे.

जुन्या .३०३ रायफलीच्या गोळ्यांना तांबे-निकेलाचे वेष्टन असे व त्याचा मळ नळीत गाठींच्या रूपाने साचे. तांबे-जस्ताच्या वेष्टनाने हा त्रास बराच कमी झाला. अमेरिकेत १९२१ च्या राष्ट्रीय सामन्यांसाठी गोळ्यांना कथिलाचा मुलामा देण्यात आला. मळ कमी झाला खरा. परंतु कथिल काडतुसाच्या पितळी मानेला घट्ट चिकटू लागले आणि त्यात काही नेमबाज गोळीला वंगण चोपडीत. परिणामी दाब धोकादायक प्रमाणात वाढू लागल्याने तो प्रयोग सोडून द्यावा लागला. कथिल गोळीवर न लावता दारूतच मिसळण्याची युक्ती अधिक फलदायी ठरली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास फ्रान्समध्ये ती तोफांसाठी वापरात आली. ज्वलनाच्या उष्णतेत कथिल तांब्याशी संयोग पावून ठिसूळ मिश्रधातू बनतो व पुढील गोळीबरोबर झडून जातो. अलीकडे कथिलाऐवजी बिस्मथही वापरतात.

नळी आतून घोटून गुळगुळीत केल्यास किंवा तिला क्रोमियमाचा कठीण मुलामा दिल्यास तांबे कमी धरते. साचलेला मळ अमोनियायुक्त द्रावाने विरघळवितात. द्राव जास्त वेळ राहिल्यास पोलाद खराब होते, म्हणून नंतर नळी पुसून कोरडी करतात व तेलाचा हात देतात. चिंधीवर निळा रंग उमटणे ही तांबे निघत असल्याची खूण होय. मात्र पितळी सळई किंवा ब्रश वापरल्यास तोच रंग त्यांच्यातूनही येतो आणि स्वच्छ झालेली नळी विनाकारण घासली जाते.