गोळीचं माप सिलिंडर ठरवतो

रिव्हॉल्व्हरवर कोरलेला आकडा खरा मानून शिशाची गोळी ओतायला बसलात तर फसगत ठरलेली. ‘.३८ स्पेशल’साठी ओतलेली गोळी प्रत्यक्षात ०.३५८ इंचाची असते, तर ‘.४४ मॅग्नम’च्या नळीचं माप चरांच्या तळाशी ०.४२९ इंच भरतं. ‘.४५ कोल्ट’ची तऱ्हा याहून न्यारी. हे काडतूस १८७३ सालचं. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या नळ्या साधारण ०.४५४ इंचाच्या होत्या, नंतरच्या ०.४५१ ते ०.४५२ च्या. नाव एकच, पण आजोबांच्या आणि नातवाच्या रिव्हॉल्व्हरला लागणाऱ्या गोळ्या वेगळ्या.

टेक्सासमध्ये मुलाकडे राहताना शेजारच्या गृहस्थांच्या गॅरेजमध्ये हे सगळं मला जवळून पाहता आलं. त्यांचं आयुष्य लेथवर गेलेलं, माझं पुण्यातल्या टूलरूममध्ये. त्यामुळे ‘दोन थाऊ’ म्हणजे इंचाचे दोन हजारांश, हे मला कुणी समजावून द्यावं लागलं नाही. टेबलावर त्यांनी नुकतीच घेतलेली, कुणीतरी वापरून विकलेली .४५ कोल्ट होती. तक्रार एवढीच की थोडे बार झाले की नळीत शिसं चिकटायचं आणि पुढच्या गोळ्या कागदावर कुठेही लागायच्या.

आधी त्यांनी नळी मापली. मऊ, शुद्ध शिशाचा नळीपेक्षा किंचित जाड तुकडा घेतला, नळीला तेल लावलं आणि तोंडाकडून पितळी सळईने हलके ठोकत तो आत नेला. इथे हाताला कळणारी गोष्ट मायक्रोमीटरला कळत नाही. जिथे नळी फ्रेममध्ये आट्यांनी घट्ट बसवलेली असते तिथे ती कधीकधी आवळली जाते आणि तुकडा अडखळतो. हा अडथळा असला तर आधी तो काढावा लागतो, कारण गोळी सुरुवातीलाच बारीक झाली की पुढची नळी तिला ढिली पडते. या नळीत अडखळ नव्हती. बाहेर आलेल्या तुकड्याचं माप ०.४५२ भरलं. सहा चर असल्याने दोन चर समोरासमोर येतात आणि मापणं सोपं जातं. पाच चरांच्या नळीत ते समोरासमोर येत नाहीत, साधा मायक्रोमीटर चुकीचं माप दाखवतो. तिथे इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराच्या जबड्याचा मायक्रोमीटरच हवा.

मग सिलिंडर. काडतूस बसतं त्या कप्प्याच्या पुढच्या अरुंद भागाला थ्रोट म्हणतात. गोळी काडतुसातून सुटली की आधी या थ्रोटमधून जाते आणि मग सिलिंडर व नळी यांच्यातली फट ओलांडून नळीत शिरते. त्यांनी पिन गेज, म्हणजे नेमक्या जाडीच्या गोल सळया, एकेक करून घालून पाहिले. चार थ्रोट ०.४५०, दोन ०.४५१. आजार सापडला. ०.४५२ ची गोळी थ्रोटमध्ये पिळली जाऊन ०.४५० ची होणार आणि मग ०.४५२ च्या नळीत ढिली धावणार. शिसं रबरासारखं परत फुगत नाही. गोळीच्या कडेने निसटलेला तप्त वायू तिचं अंग वितळवतो आणि ते शिसं पुढे नळीला लिंपलं जातं. थ्रोट नळीपेक्षा अर्धा ते एक थाऊ मोठा असावा आणि गोळी थ्रोटला अलगद घासून जावी, हा या कामाचा पाया आहे.

शिसं चिकटतं म्हणून बरेच जण मिश्रधातू कडक करत जातात. माझ्या मते हा सर्वांत खर्चिक गैरसमज आहे. शुद्ध शिशाचा ब्रिनेल कडकपणा पाचच्या आसपास असतो. ९० भाग शिसं, ५ कथील आणि ५ अँटिमनी या ‘लायमन नंबर दोन’ मिश्रणाचा पंधराच्या आसपास. लहान पडणारी गोळी मऊ असेल तर दाबाने थोडी पसरून फट भरून काढते. कडक गोळी तेवढंही करत नाही. शिवाय मिश्रण बदललं की मापही बदलतं, कारण अँटिमनी जास्त असलेली गोळी थंड होताना कमी आक्रसते. त्याच साच्यातून ती जाड निघते.

त्यांनी मिश्रणाला हात लावला नाही. सिलिंडर बंदूक-कारागिराकडे पाठवून सहाही थ्रोट रीमरने ०.४५२५ चे करून घेतले आणि मगच गोळीला त्या मापात बसवणारा साइझिंग डाय मागवला. परत आल्यावरची तपासणी अगदी साधी होती. वंगणाचं मेण लावण्याआधीची गोळी सिलिंडरच्या पुढच्या बाजूने थ्रोटवर ठेवायची. आपोआप घरंगळून आत पडली तर बारीक, लाकडी काडीने ठोकावी लागली तर जाड, बोटाच्या हलक्या दाबाने सरकली तर बरोबर. सहाही थ्रोटमध्ये ती सरकली. पुढच्या वेळी बार झाल्यावर नळीतून फिरवलेल्या चिंधीवर काजळी आली, शिशाचे चमकणारे कण आले नाहीत.

हे कण कुठे जमतात त्यावरूनही निदान होतं. नळीच्या सुरुवातीलाच शिसं असेल तर माप तपासा, तोंडाशी असेल तर मेण कमी पडतंय. मेण बहुतेकदा मधमाशीचंच, त्यात आलॉक्स नावाचं वंगण मिसळलेलं.

ओतकाम उघड्या हवेशीर जागी, हातमोजे आणि चष्मा घालून. वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब पडला तर ते स्फोटासारखं उडतं. काम संपेपर्यंत खाणंपिणं नाही आणि नंतर साबणाने हात धुणं चुकवायचं नाही.

भारतात शस्त्र कायदा, १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे, तेव्हा इथे हे कुणी करून पाहू नये. अमेरिकेत असा छंद लागलेल्या मराठी मंडळींना मात्र एवढंच सांगतो: वापरलेलं रिव्हॉल्व्हर घ्यायला जाल तेव्हा पिन गेज खिशात ठेवा, सहाही थ्रोट दुकानातच मापा, आणि साचा त्यानंतर विकत घ्या.