एलईडी वॉल मध्येच काळी का पडते? उत्तर बऱ्याचदा प्रोसेसरच्या मागे असतं

सभा असो, लग्नाचं रिसेप्शन असो की गणेशोत्सवातला कार्यक्रम, स्टेजमागे आता मोठी एलईडी वॉल दिसतेच. आणि ऐन कार्यक्रमात तिचा एखादा पट्टा काळा पडलेलाही अनेकांनी पाहिलाय. लोक म्हणतात, 'स्क्रीन उडाली!' कधी पॅनेलची वीज गेलेली असते, पण अनेकदा स्क्रीन ठणठणीत असते आणि गडबड असते ती व्हिडिओ प्रोसेसरच्या मागच्या जोडणीत.

प्रोसेसर करतो काय?

लॅपटॉप किंवा कॅमेऱ्याचं चित्र घ्यायचं, ते वॉलच्या मापात बसवायचं आणि त्याचे तुकडे करून पॅनेलकडे पाठवायचे. त्यासाठी मागे दोन गट असतात: चित्र आत घेणारे पोर्ट आणि बाहेर पाठवणारे पोर्ट.

आत येणारे पोर्ट

लॅपटॉप जवळ असेल तर एचडीएमआय पुरते. कॅमेरा लांब असेल तर एसडीआय लागते. तिची गोल बीएनसी पिन फिरवून लॉक होते, त्यामुळे कुणाचा पाय अडकला तरी सहजासहजी निघत नाही. शिवाय चांगल्या केबलवर फुल एचडी चित्र सुमारे 100 मीटरपर्यंत जातं. साध्या एचडीएमआय केबलला हे जमत नाही.

शेजारी 'लूप' लिहिलेलं पोर्ट असेल तर तिथून आत आलेलं चित्र जसंच्या तसं बाहेर पडतं. काही प्रोसेसरवर 'जेनलॉक' नावाचं पोर्टही बीएनसीच असतं. पण ते फक्त उपकरणांचा ताल जुळवतं. त्यात कॅमेऱ्याची केबल लावली तर चित्र येणार नाही.

दिसतं लॅनसारखं, पण...

खरी फसगत बाहेर जाणाऱ्या पोर्टमध्ये होते. ती हुबेहूब इंटरनेटच्या लॅन पोर्टसारखी असतात, केबलही तीच लागते. पण त्यांतून इंटरनेट नाही, पिक्सेलची माहिती जाते. त्यामुळे ही केबल घरच्या राउटरला लावून उपयोग नाही. कंट्रोलसाठी असलेलं लॅन पोर्ट वेगळं असतं. पॅनेलची केबल त्यात लावली तर वॉल काळीच राहते.

एका पोर्टवर किती भार?

नोवास्टारसारख्या कंपन्यांच्या प्रोसेसरमध्ये अशा एका पोर्टची मर्यादा 60 हर्ट्झला साधारण 6.5 लाख पिक्सेल असते.

समजा, वॉल 6 मीटर रुंद आणि 3 मीटर उंच आहे. अर्ध्या मीटरच्या चौकोनी पॅनेलवर 128 बाय 128, म्हणजे 16,384 पिक्सेल आहेत. एकूण 72 पॅनेल लागतील आणि पिक्सेल होतील 11,79,648. म्हणजे एक पोर्ट पुरणार नाही, दोन लागतील. प्रत्येकावर 36 पॅनेल. एका पोर्टवर 39 पेक्षा जास्त पॅनेल चढवली, तर वरची पॅनेल चित्राविना राहतील.

आणि तो काळा पट्टा?

पॅनेल एकामागे एक साखळीत जोडलेली असतात. मधली एक केबल सैल झाली की पुढची सगळी पॅनेल काळी पडतात किंवा शेवटच्या चित्रावर अडकतात.

उपाय सोपा आहे. साखळीच्या शेवटच्या पॅनेलपासून आणखी एक केबल प्रोसेसरच्या रिकाम्या पोर्टला आणायची आणि सेटिंगमध्ये ते पोर्ट 'बॅकअप' ठरवायचं. मग केबल मध्येच तुटली तरी उलट्या बाजूने चित्र पोहोचतं. वरच्या वॉलला त्यासाठी दोनऐवजी चार पोर्ट लागतील. म्हणून प्रोसेसर भाड्याने घेताना फक्त वॉलचं माप नाही, पोर्टची संख्याही विचारायला हवी.

कार्यक्रमाआधी तीन गोष्टी तपासा

1. लॅपटॉपचं रिझोल्यूशन आणि प्रोसेसरचं इनपुट सेटिंग जुळतंय का?
2. सॉफ्टवेअरमध्ये पॅनेलचा क्रम केबल जोडलीय तसाच आहे का?
3. मुख्य केबल मुद्दाम काढून पाहा. चित्र टिकलं, तर बॅकअप खरंच चालू आहे.

तिसरी तपासणी एका मिनिटाची आहे. ती प्रेक्षक येण्याआधी झालेली बरी.