खोप्यांची मोजदाद

विहिरीवर झुकलेल्या बाभळीखाली उभं राहून सुगरणीचे खोपे मोजू लागलं, की दहा-बारापर्यंत सगळं सुरळीत चालतं. मग वारा सुटतो, फांद्या हलतात आणि मोजलेला खोपा कोणता, हेच कळेनासं होतं. म्हणून आम्ही आधी वहीत झाडाचं ढोबळ चित्र काढतो, मुख्य फांद्यांना क्रमांक देतो आणि दुर्बिणीतून एकेक फांदी संपवत जातो. झाडाला हात लावायचा नाही.

खरी अडचण पुढे येते. नर खोपा अर्धा विणून थांबतो. वर घुमट, खाली उघडा, मध्ये आडवा पट्टा. मादी येऊन पाहणी करते. तिला पसंत पडला, तर अंड्यांची खोली आणि खाली लोंबणारी नळी पुरी होते. नाहीतर तो अर्धाच लटकत राहतो आणि नर शेजारी दुसरा विणायला घेतो. एकाच नराचे दोन-तीन संसारही असू शकतात. पक्षीशास्त्रज्ञ सलीम अलींनी १९३० साली कोकणातल्या किहीमला सुगरणींचं निरीक्षण करून हे उलगडून दाखवलं. म्हणजे जितके खोपे तितक्या जोड्या, असा हिशेब इथे चालत नाही. वहीत अर्धे, नळीचे आणि गेल्या वर्षीचे काळपट, विस्कटलेले असे वेगळे रकाने लागतातच.

तरीही काही खोपे नजरेतून सुटतात. त्यावर मला फार आवडणारा एक उपाय आहे. दोघांनी एकाच दिवशी, एकमेकांना काही न सांगता मोजायचं आणि मग चित्रं ताडून पाहायची. समजा, एकाला ४० दिसले, दुसऱ्याला ३६ आणि त्यांतले ३० दोघांनाही दिसले. ४० गुणिले ३६, भागिले ३०: अंदाज येतो ४८. दोघांनी मिळून पाहिलेले वेगवेगळे खोपे ४६ होतात. म्हणजे दोनेक खोपे दोघांच्याही नजरेतून सुटले असावेत. मात्र दाट पानांआडचा खोपा दोघांनाही सारखाच अवघड असतो, त्यामुळे हा आकडा सहसा कमीच भरतो. दोघांनी विहिरीच्या वेगवेगळ्या बाजूंनी पाहिलं, तर फरक पडतो.

गावातली प्रत्येक विहीर पाहणं जमत नाही. तेव्हा विहिरींची यादी करून चिठ्ठ्या टाकायच्या, निघतील त्या विहिरी मोजायच्या आणि त्यांच्या सरासरीला एकूण विहिरींनी गुणायचं. इथे मोह होतो तो खोप्यांनी लगडलेल्या ओळखीच्या विहिरीकडे वळण्याचा. सुगरणी वस्ती करून राहतात. एका झाडावर डझनावारी खोपे आणि पुढच्या कित्येक विहिरींवर एकही नाही. अशा रिकाम्या विहिरी गाळल्या, तर गावाचा आकडा भलताच फुगतो.

येत्या पावसाळ्यात तुमच्या शिवारातल्या विहिरी मोजाल, तेव्हा जिथे काहीच दिसलं नाही, तिथलं शून्यही तारीख घालून लिहा.