हणमंतराव लंडनला जेवले कुठं?

शेळगावच्या परिसरात वाढलेल्याला प्रवासाची माहिती कशाला म्हणतात ते शिकवावं लागत नाही. आषाढवारीत तुकोबांची पालखी बारामती सोडून निघाली की काटेवाडीत धोतराच्या पायघड्या, बेलवाडीत गोल रिंगण, मग निमगाव केतकी, मग इंदापूर. वारकरी विचारतो ते एवढंच: पाणी कुठं, पाठ टेकायला जागा कुठं, दुपारची पंगत कुणाच्या दारात. गावातलं देऊळ कोणत्या शतकातलं, हे तो परतीच्या वाटेवरही विचारत नाही. हीच खोड मला लागलेली. लंडनबद्दल मराठीत जे जे लिहिलं गेलं ते वाचताना राजवाडा, टॉवर, मेणाचे पुतळे ही पानं मी भराभर उलटतो. मला जाणून घ्यायचं असतं ते इतकंच, की हा माणूस तिथं जेवला कुठं?

आजच्या प्रवाशाचं लवकर उरकून घेऊ. ब्रिटनचा व्हिसा वेगळा, शेंगेनचा तिथं चालत नाही. बोटांचे ठसे पुण्यात देता येतात. हीथ्रोवरून शहरात यायला २०२२पासून एलिझाबेथ लाइन आहे. ऑयस्टर कार्ड नसलं तरी कॉन्टॅक्टलेस बँककार्ड दारावर टेकवलं की काम होतं. मात्र जाता-येता तेच कार्ड वापरायचं, नाहीतर भाडं जास्त कापलं जातं. बाकीचं एजंट सांगेलच.

एजंट सांगत नाही ते १७८१ सालातलं आहे. राघोबादादांच्या राजकारणाची कथा वाचकांना ठाऊक आहे: सुरतेचा तह, पुरंदरचा तह, वडगावची नामुष्की. मुंबईकर इंग्रजांच्या भरवशावर किती राहायचं, या विवंचनेत दादांनी थेट विलायतेला वकील धाडले. हणमंतराव नावाचा ब्राह्मण, त्याच्यासोबत मनुआर रतनजी हा पारशी आणि त्याचा मुलगा. पारशी बाप-लेकांचं ठीक होतं. हणमंतरावापुढं मात्र मोठा पेच. परक्याच्या हातचं पाणी नाही, परक्याच्या चुलीवरचं अन्न नाही. लंडनच्या भाड्याच्या खोलीत सोवळं पाळायचं तरी कसं? हाल झाले, आणि त्याला साजेल असा मानही कुणी दिला नाही.

इथं एडमंड बर्क येतो. पुढं वॉरन हेस्टिंग्जला महाभियोगात खेचणारा तोच. त्या सुमारास तो पार्लमेंटच्या समितीत बंगालच्या कारभाराची कागदपत्रं उपसत होता. हे पाहुणे त्याला भेटले आणि तो त्यांना लंडनपासून दहा-बारा कोसांवरच्या बीकन्सफील्डला, आपल्या घरी घेऊन गेला. घरात सोय होईना. तेव्हा त्यानं बागेतलं काचेचं रोपघर रिकामं करून दिलं. थंडीत नाजूक झाडं जगवायला बांधलेल्या त्या खोलीत हणमंतरावानं आपला स्वयंपाक मांडला आणि आपले आचार पाळले. इंग्लंडमधल्या सगळ्या मराठी पाककृतींचा इतिहास मला लिहायला सांगितला, तर मी तिथूनच सुरुवात करीन.

त्याहून मोलाचं बर्कचं पत्र आहे. ते त्यानं राघोबादादांना लिहिलं. त्याचा मथितार्थ असा: तुमच्या माणसाला इथं जो त्रास झाला तो आमच्या अज्ञानापायी, आकसापायी नव्हे. उच्च जातीच्या हिंदूला आपले नियम पाळण्यासाठी काय काय लागतं, ते आता हणमंतराव आणि मनुआर पारशी यांच्याकडून आम्हांला कळलं आहे. पुन्हा कुणाला पाठवलंत तर याहून योग्य जागेची व्यवस्था होईल. मराठी माणसासाठी लंडनची माहितीपुस्तिका काढायची म्हटलं, तर तिचं पहिलं पान हे. गंमत अशी की ते पाहुण्यानं लिहिलेलं नाही, पाहुण्याकडून शिकलेल्या यजमानानं लिहिलं आहे. हेस्टिंग्जवरच्या खटल्यामागं बर्कचे कोणते हेतू होते, यावर इतिहासकार भांडत राहोत. हिंदुस्थान त्याला फक्त दप्तरात भेटला नव्हता, त्याच्या बागेत वरण-भात शिजवून गेला होता, हे विसरून तो वाद घालू नये असं मला वाटतं.

वकिलीचं फळ मात्र शून्य. १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला आणि इंग्रजांनी दादांवरचा हात काढून घेतला. दादांना महिना २५ हजारांची नेमणूक मिळाली. पुढच्याच वर्षी ते वारले.

परतल्यावर हणमंतरावाचं काय झालं, याची एक चटकदार हकीकत फ्रान्सिस विल्फर्ड या काशीत राहणाऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्यानं ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये दिली आहे. म्लेंच्छ देशातून आल्यामुळं वकील बहिष्कृत झाले. शेवटी सोन्याची योनी घडवून तिच्यातून त्यांना बाहेर काढलं आणि नव्या जन्मानं शुद्ध केलं. पुढं ही कथा ग्रंथाग्रंथांतून फिरली. मी ती जशीच्या तशी खरी मानत नाही. एक तर विल्फर्डच्या हकीकतीत दोन ब्राह्मण आहेत, पारशी बाप-लेक गायब. दुसरं म्हणजे हा विल्फर्ड फार भोळा. त्याच्या पदरच्या पंडितानं त्याला हवे तसे पुराणांतले मजकूर बनवून दिले होते, आणि आपण फसलो हे त्यानं स्वतःच पुढं छापून सांगितलं. प्रायश्चित्त झालं असेल, नव्हे, झालंच असेल. पण सोन्याचा तपशील मला काशीतल्या गप्पांतला वाटतो.

त्यानंतर रंगो बापूजी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांची बाजू घेऊन १८५३पर्यंत लंडनला चिवटपणे बसले. तो वेगळ्या लेखाचा विषय. १९१८ साली टिळकांची होमरूलची मंडळी कोलंबोपर्यंत गेली आणि तिथं पासपोर्ट रद्द झाल्यामुळं माघारी फिरली. त्याच वर्षी इंग्रज पत्रकार चिरोल याच्यावरच्या खटल्यासाठी टिळकांना परवानगी मिळाली. ते राहिले ते हाउली प्लेसमधलं १० नंबरचं घर आजही पाटीसह उभं आहे. वॉरिक अव्हेन्यू स्टेशनला उतरून चालत जाता येतं.

जेवणाच्या प्रश्नाला खरं उत्तर मिळालं ते विसाव्या शतकात, गोल्डर्स ग्रीनच्या हूप लेनवर. विदर्भातून आलेल्या राधाबाई बनारसे यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी तिथं खानावळ आणि राहण्याची सोय चालवली, आणि लंडनला निघालेल्या मराठी माणसाच्या खिशात त्यांचा पत्ता असू लागला. सरोजिनी वैद्यांच्या ‘कहाणी लंडनच्या आजीबाईंची’मुळे त्या घरोघरी पोहोचल्या. बर्कनं दिलेलं आश्वासन एका विधवा बाईनं पोळपाट-लाटणं घेऊन पुरं केलं.

बाबासाहेब आंबेडकरांच्या वाट्याला असं घर आलं नव्हतं. धनंजय कीरांच्या चरित्रात त्यांची लंडनमधली कंजूष घरमालकीण आहे, आणि रात्री भूक लागली की पत्र्यावर भाजलेले चार पापडही आहेत. दिवस ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात, रात्र पापडावर. त्यातून ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ उभं राहिलं. १९२१-२२मध्ये ते राहिले ते १०, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र शासनानं २०१५ साली घेतलं आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला त्याचं उद्घाटन झालं. मग भांडण लागलं. राहत्या घराचं स्मारक करायला परवानगी हवी होती, ती कॅम्डेन नगरपरिषदेनं नाकारली. राहण्याची जागा कमी होते हा परिषदेचा मुद्दा, गर्दी आणि आवाज वाढतो ही काही शेजाऱ्यांची तक्रार. २०१९मध्ये जाहीर चौकशी झाली आणि मार्च २०२०मध्ये ब्रिटिश सरकारनं स्मारकाच्या बाजूनं निर्णय दिला. आपल्याकडं यावर संताप पुष्कळ झाला, पण ती गल्ली खरोखर लोकवस्तीची आहे, हे लक्षात घ्यायला हरकत नाही.

जायचं तर नॉर्दर्न लाइनवरच्या चॉक फार्मला उतरा. निघण्याआधी स्मारकाच्या वेळा तपासा. घोळक्यानं गेलात तर फोटो आणि गप्पा आत शिरल्यावर. दारात नकोत, शेजारी राहतात. एखादा दिवस हाताशी उरला तर मेरिलबोनहून बीकन्सफील्डची गाडी पकडा. बर्कचं घर १८१३ साली जळालं, त्यामुळं रोपघर शोधत हिंडू नका. त्याची कबर गावच्या चर्चमध्ये आहे. डबा सोबत न्या.