हवेंत सांठविलेली वीज

घरांतील एखादा मुलगा सायकलच्या चाकांत हवा भरीत असेल, तेव्हां त्या पंपाच्या खालच्या टोकास बोट लावून पाहण्याची तसदी वाचकांनीं अवश्य घ्यावी. टोंक ऊन लागतें; थोडा वेळ नेटानें पंप चालविला तर चटकाहि बसतो. ही ऊब घर्षणाची, असें पुष्कळांस वाटतें, व थोडीशी ती असतेहि. परंतु मुख्य कारण निराळें आहे. हवा दाबली कीं ती तापते, आणि दाबलेली हवा मोकळी सोडली कीं ती गार होते. एवढीशी ही गोष्ट. पण वाऱ्यापासून व सूर्यापासून मिळणारी वीज सांठविण्याचा एक मोठा उद्योग कित्येक वर्षें तिच्यापाशींच अडून राहिला होता.

विजेचा स्वभाव असा कीं, ती ज्या क्षणीं निर्माण होते त्याच क्षणीं खर्चावी लागते. धान्य कणगींत भरावें, आंबा बरणींत मुरवावा, तशी तिची बेगमी करतां येत नाहीं. कोळशाच्या वीजघरांत ही अडचण फारशी जाणवत नसे. मागणी वाढली कीं भट्टींत कोळसा अधिक घालावा. वाऱ्यास मात्र कोणीं आज्ञा करावी? सगळें जग निजलें असतां तो मध्यरात्रीं सुटतो. सूर्य माध्यान्हीं भरपूर देतो आणि नेमका दिवेलागणीस निरोप घेतो. तेव्हां उरलेली वीज दुसऱ्या कोणत्या तरी रूपानें जपून ठेवणें प्राप्त आहे. पाणी डोंगरावर चढवून ठेवणें हा त्यांतला जुना व खात्रीचा मार्ग होय. परंतु जेथें डोंगरच नाहींत, तेथें काय करावें?

उत्तर जर्मनी हा तसाच सपाट मुलूख. तेथें हुंटॉर्फ या गांवाजवळ १९७८ सालीं एक अपूर्व वीजघर सुरू झालें. जमिनीखालीं सुमारें ६५० ते ८०० मीटर खोलीवर मिठाचे प्रचंड थर आहेत. त्यांत पाणी सोडून मीठ विरघळविलें व दोन पोकळ्या तयार केल्या; दोहोंची मिळून जागा सुमारें तीन लाख घनमीटर. मिठाचा एक गुण असा कीं, भोंवतालच्या दाबाखालीं तें सावकाश सरकतें, व बारीकसारीक चीर पडली तरी ती आपोआप बुजते. एवढी घट्ट बरणी मनुष्याच्या हातून घडणें कठीण! रात्रीची स्वस्त वीज वापरून या पोकळ्यांत वातावरणाच्या सुमारें सत्तरपट दाबापर्यंत हवा कोंबावयाची, आणि गरज पडतांच ती सोडून चक्रें फिरवावयाचीं. त्या वेळीं पवनचक्क्यांचा बोलबाला नव्हता. ही सोय मुख्यतः अणुशक्तीच्या वीजघरांसाठीं होती. आरंभीं २९० मेगावॅट व २००६ मधील दुरुस्तीनंतर ३२१ मेगावॅट वीज येथून कांहीं तास मिळूं लागली, आणि तीहि हांक मारल्यापासून थोड्याच मिनिटांत.

आतां पंपाच्या टोकाकडे पुनः वळूं. बाहेरच्या हवेवरील दाब एकदम सत्तरपट केला व तिची उष्णता कोठेंहि जाऊं दिली नाहीं, तर ती सुमारें ७०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापेल. अशी हवा मिठाच्या पोकळींत सोडणें शक्य नाहीं. म्हणून ती टप्प्याटप्प्यानें दाबून निववावी लागते, आणि ती सारी उष्णता हुंटॉर्फ येथें वाऱ्यावर सोडून देण्यांत येते. पुढें हवा मोकळी करतांना उलट प्रकार. ती इतकी थंड होऊं लागते कीं, यंत्रांत बर्फ धरावयाचें. यावर उपाय म्हणून तिच्यांत नैसर्गिक गॅस जाळून ती पुनः तापवितात. परिणामीं एक युनिट वीज हातीं येण्यासाठीं ०.८ युनिट वीज आणि शिवाय १.६ युनिट उष्णतेचा गॅस खर्चीं पडतो. सकाळीं चुलीवर तापविलेलें पाणी मोरींत ओतून देऊन संध्याकाळीं स्नानासाठीं नवें सरपण मागावें, तसाच हा व्यवहार नव्हे काय? याला सांठवण म्हणण्यास आम्हांस संकोच वाटतो. अडल्या वेळीं धांवून येणारें तें गॅसचें वीजघरच अधिक.

अमेरिकेंत अलाबामा संस्थानांतील मॅकिंटॉश येथें १९९१ सालीं अशा धर्तीचें ११० मेगावॅटचें दुसरें वीजघर झालें. चक्रांतून बाहेर पडणाऱ्या गरम वायूनें आंत येणारी हवा तापवून त्यांनीं गॅस कांहींसा वांचविला. पण दाबतांना निघालेली मूळची उष्णता तेथेंहि गेली ती गेलीच.

ती धरून ठेवावी, ही कल्पना कांहीं नवी नाहीं. खुद्द जर्मनींत २०१० सालीं तशी योजना जाहीर झाली होती, पण ती कागदावरच राहिली. प्रत्यक्षांत मोठ्या प्रमाणावर ती चीननें आणली. जिआंग्सू प्रांतांतील जिनतान येथें मिठाच्याच पोकळीवर ६० मेगावॅटचें वीजघर २०२२ सालीं सुरू झालें. तेथें दाबलेल्या हवेची उष्णता तेलांत उतरवून घेतात, तें तेल वेष्टन घातलेल्या टाक्यांत ठेवतात आणि हवा सोडतांना तिची उष्णता तिला परत देतात. काडीभरहि इंधन जाळावें लागत नाहीं. हुबेई प्रांतांत यिंगचेंग येथें तर टाकून दिलेल्या मिठाच्या खाणींचा उपयोग करून ३०० मेगावॅटपर्यंत मजल गेली आहे. जेवढी वीज भरावी तिच्यापैकीं शेंकडा ७० च्या आसपास परत मिळते, असें तेथील उभारणारे सांगतात. बॅटऱ्या याहून अधिक परत देतात हें खरें. परंतु त्या कालांतरानें झिजतात, आणि अधिक तासांचा सांठा करावयाचा तर तितक्याच अधिक बॅटऱ्या घ्याव्या लागतात. पोकळी मोठी करण्यास मात्र बहुतेक पाणीच लागतें.

आपल्या दख्खनच्या पायाखालीं मीठ नाहीं, काळा पाषाण आहे. त्यांत एवढी पोकळी कोरून काढावयाची, तर मीठ विरघळविण्याहून कैकपट खर्च येईल. परंतु डोंगर मात्र आपणांस भरपूर लाभले आहेत. आणि सह्याद्रींत घाटघर येथें २००८ सालीं झालेल्या २५० मेगावॅटच्या वीजघरांत खालच्या तलावांतील पाणी वरच्या तलावांत चढविण्याचीच योजना केलेली आहे.