मेंदूतील नीला : राखावी की तोडावी?
मेंदूकडून अशुद्ध रक्त परत नेणाऱ्या वाहिन्यांस नीला म्हणतात. गाठ काढताना एखादी नीला बंद करावी काय, हा शल्यचिकित्सकापुढील कठीण प्रश्न असतो. रक्तास पर्यायी वाट असल्यास अपाय टळतो. नसल्यास रक्त तुंबून मेंदूस सूज येते व रक्तस्रावही होतो. कवटीच्या मध्यरेषेखालील मुख्य नीलामार्गाचा पुढील एक-तृतीयांश भाग बंद करणे त्यामानाने कमी धोक्याचे मानतात. मागील भाग बंद करणे प्राणघातक ठरू शकते. डाव्या कानशिलामागील लाबे नीला तुटल्यास वाचा जाण्याचा संभव असतो. नीलांची रचना प्रत्येकात भिन्न असते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी रक्तवाहिन्यांचे चित्रण करतात आणि सौम्य गाठीचा नीलेस चिकटलेला अंश प्रसंगी तसाच ठेवतात.